वायदा अंधेरीत, पुरावा बांधावर

कंपन्या जंगलतोड थांबवण्याच्या घोषणा करतात, त्याच्याशी आपल्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो सोयाबीनमधून येतो आणि खाद्यतेलातूनही.

हिंदुस्तान युनिलिव्हरचे मुख्य कार्यालय अंधेरीला आहे, गोदरेजचे विक्रोळीला. साबणाच्या धंद्याला पामतेलावाचून चालत नाही. २०१० साली युनिलिव्हरसारख्या बड्या कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठराव केला, की २०२० पर्यंत आमच्या मालापायी होणारी जंगलतोड निव्वळ शून्यावर आणू. २०२० आले आणि गेले, ठराव पुरा झाला नाही. युनिलिव्हरने मग २०२३ चा वायदा केला. सोसायटीचे कर्ज नवं-जुनं करतात, तसाच हा प्रकार!

पण सगळा दोष नियतीचा नाही. पामचा घड तोडल्यावर साधारण चोवीस तासांत गिरणीत पोचावा लागतो, नाहीतर तेल बिघडते. त्यामुळे गिरणी आजूबाजूच्या सगळ्यांचा माल घेते, मळेवाल्यांचा, दलालांचा, दोन-चार हेक्टरवाल्यांचाही. दूध संकलन केंद्रात चाळीस किटल्या एका टाकीत ओतल्यावर पाणी कुणाच्या किटलीत होतं, हे कसं ओळखणार? प्रमाणित पामतेलाच्या एका प्रकारात तर असा मिसळलेला माल विकायला नियमानेच मुभा आहे, फक्त कागदावर हिशेब जुळला पाहिजे.

शिवाय प्रमाणित तेलाचा मोठा वाटा युरोपकडे जातो. आपण वर्षाला ८०-९० लाख टनांच्या आसपास पामतेल आणतो. ते फरसाणवाल्याच्या कढईत जाते, सुट्या डब्यांत जाते. तिथे कुणी वायदा केलेला नाही, कुणी विचारतही नाही. आयात शुल्क घटले की हेच तेल आपल्या सोयाबीन-भुईमुगाच्या भावावर बसते. मे २०२५ मध्ये कच्च्या पामतेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, ते आठवत असेल.

वायदे कधीच चालत नाहीत, असेही नाही. २००६ साली ब्राझीलमधल्या सोयाबीन व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनचे जंगल तोडून पिकवलेला माल घेणार नाही असे ठरवले, आणि तिथे सोयाबीनसाठी होणारी तोड खूपच कमी झाली. खरेदीदार मोजके होते, उपग्रहाची नजर होती, सरकारचा कायदा पाठीशी होता. तरी लागवड शेजारच्या सेराडोच्या माळरानात सरकलीच. आपल्या बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यानही कुणाच्या वचनावर टिकलेले नाही. हद्द आहे, वनरक्षक आहेत, अतिक्रमणाबाबत १९९७ चा उच्च न्यायालयाचा आदेश आहे.

म्हणूनच युरोपने २०२३ साली कायदा केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल तिथे विकता येणार नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, पण यादीत सोयाबीन आहे, पेंडही आहे, आणि आपली पेंड युरोपला जाते. २०२५ मध्ये भारताला कमी जोखमीच्या देशांत धरले, तरी सध्याच्या तरतुदीप्रमाणे शेताचे ठिकाण आयातदाराकडे असावे लागते. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू पुरतो.

हा बिंदू काढणार कोण? मुंबईतला साहेब बांधावर येणार नाही. ते काम शेतकऱ्याच्या आणि गावच्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडेल, अशी मला धास्ती आहे. निम्मी तयारी मात्र आपल्याकडे आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालू आहे. शेतात उभं राहून फोटो काढला की कोणत्या गटात कोणतं पीक, याची नोंद होते. पण 'नंतर बघू' म्हणून ती राहून जाते. तलाठी आणि कृषी सहाय्यकांनी सोयाबीनच्या गावांत ही नोंद आधी पुरी करून घ्यावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सौदा करतानाच व्यापाऱ्याला विचारावे, की नोंदीचा खर्च कुणाचा, आणि नोंदवलेल्या मालाला क्विंटलमागे जादा किती देणार? उत्तर लेखी घ्यावे, आणि ते माल काट्यावर चढायच्या आधी.