गोव्याची सहल आणि मांडवीतले दिवे

बोनसचे दिवस जवळ आले की आपल्या वस्त्यांत गोव्याच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी गोवा म्हणजे एस.टी.त रात्रभर अंग आंबवून घेणे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि परळ, ठाण्याच्या कामगाराला गोवा एका रात्रीच्या झोपेवर आला. सफाई खात्यातला नोकर असो, कारखान्यातला फिटर असो की रिक्षा चालवणारा असो, वर्षातून तीन दिवस बायकामुलांना घेऊन समुद्र पाहावा असे त्याला वाटले तर त्यात वावगे काही नाही. राबणाऱ्या माणसाला विश्रांतीचाही हक्क आहे.

पण अलीकडे या बेतात एक नवीन कलम शिरले आहे. चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतो, “गोव्याला चाललोच आहोत, तर एक रात्र कॅसिनोत काढू.” घरातली बाई विचारते, “ते काय असते? किती पैसे लागतात?” तिला उत्तर मिळते, “तुला नाही कळायचे.” भगिनींनो, कळण्यासारखे आहे. हिशेबच आहे तो, आणि घरचा हिशेब तुमच्याइतका कुणाला कळतो?

आधी चांगल्या गोष्टीबद्दल बोलू. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी ठेव म्हणून. म्हणजे धम्माने गृहस्थाला आनंदाची मनाई केलेली नाही. फक्त त्याला माप लावले आहे. सहल त्या पहिल्या भागातून करावी. भिशी उचलून, सावकाराकडून किंवा पतपेढीचे कर्ज काढून नव्हे. तीन दिवसांच्या मौजेचे हप्ते वर्षभर फेडण्यात मौज नाही.

आता बेत करू. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा सुट्टीचा अर्ज आणि तिकीट एकाच आठवड्यात करा. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या सकाळी गोव्यात पोहोचवते. दिवसा निसर्ग पाहत जायचे तर मांडवी एक्सप्रेस आहे. पणजीला जायचे असेल तर करमळी स्टेशन जवळ, म्हापसा-कळंगुट भागात जायचे असेल तर थिवी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, हे ध्यानात ठेवा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. तो आठवडा टाळा. गावात फिरायला कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत.

चौघांच्या कुटुंबासाठी नमुन्यादाखल वही अशी मांडता येईल. रेल्वेची ये-जा व स्टेशनपर्यंतचा प्रवास ४,००० रुपये, साध्या लॉजच्या दोन रात्री ३,०००, तीन दिवसांचे जेवणखाण ३,६००, तिथले फिरणे १,५००, तिकिटे व मुलांची खरेदी १,०००, अडीअडचणीला १,५००. एकूण १४,६००. हंगामाप्रमाणे आकडे कमीजास्त होतील, तुमचे आकडे तुम्ही घाला. पण सगळे आकडे निघण्यापूर्वी कागदावर आले पाहिजेत आणि खाली बेरजेची रेघ ओढली गेली पाहिजे.

पाहायला पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. पणजीत मिरामारचा किनारा आहे. फोंतेनच्या जुन्या गल्ल्यांतून चालत फिरावे. दहा किलोमीटरवर जुने गोवे आहे. तिथली चर्चे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बेतीकडे जाणारी फेरीबोट मुलांना समुद्रसफरीइतकाच आनंद देते. आझाद मैदानावर मुलांना सांगा की देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

एक दिवस आत डिचोली-साखळीकडे काढता आला तर जरूर काढा. डिचोलीजवळ लामगाव आणि साखळीजवळ हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. अभ्यासक त्यांचे नाते बौद्ध काळाशी जोडतात. कोलवाळ गावी फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली होती. ती मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. म्हणजे ज्या भूमीला आपण फक्त किनारा आणि बाटली यांच्यासाठी ओळखतो, तिथे कधीकाळी भिक्खूंची पावले उमटली होती. हे मुलांना कळले तर सहलीचे सोने झाले.

आता त्या दिव्यांकडे वळू. संध्याकाळी पणजीच्या बांदोडकर मार्गावरून चालताना मांडवी नदीत नांगरलेली, रोषणाईने झगमगणारी जहाजे दिसतात. तीच कॅसिनोची जहाजे. गोव्याने जुगाराच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी दिली आणि पुढे १९९६ साली जहाजांवरच्या खेळालाही वाट मोकळी केली. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्दच केला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली आहे. घरच्या माणसाला जे नको, ते पाहुण्याच्या ताटात का वाढले जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

“दोन-तीन हजारांच्या तिकिटात जेवण, पिणे, नाचगाणे सगळे येते, वर खेळायला चकत्याही देतात,” असे सांगितले जाते. त्या चकत्या बहुधा खेळण्यापुरत्याच असतात. काउंटरवर देऊन त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. फुकटची दारू कशासाठी असते, हे सांगायला नको. पिणाऱ्याचा हिशेब आधी सुटतो, मग हात सुटतो.

गिरणगावातल्या जुन्या माणसांना हा खेळ मटक्यावरून चटकन समजेल. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमले दहा. ज्याचा आकडा लागला त्याला मिळाले नऊ. एक रुपया खाणाऱ्याच्या खिशात. कुणाचाही आकडा लागो, त्याला फरक पडत नाही. कॅसिनोतल्या चक्राला, म्हणजे रूलेटला, शून्य ते छत्तीस असे सदतीस खाने असतात. प्रत्येक खान्यावर शंभर रुपये लावले तर जमले ३,७००. लागलेल्या खान्यावर मिळतात ३,५०० आणि लावलेले शंभर परत, म्हणजे ३,६००. शंभर रुपये मालकाकडे राहिले. काही चक्रांना दोन शून्ये असतात. तिथे मालकाचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो.

तुम्ही म्हणाल, शंभरामागे पावणेतीन रुपये, हे तर मटक्यापेक्षा स्वस्त! इथेच माणूस फसतो. मटका दिवसातून ठरावीक वेळा निघायचा. हे चक्र तासाला चाळीस वेळा फिरले आणि प्रत्येक वेळी पाचशे लावले, तर चार तासांत ८०,००० रुपयांचा खेळ होतो. त्यावर मालकाचा सरासरी वाटा सुमारे २,१६०. हे झाले सरासरीचे. प्रत्यक्षात दहा हजार घेऊन बसलेला माणूस तासाभरात रिकामा होऊ शकतो. मालकाची तिजोरी मोठी. वाईट तास तिला सोसतो. आपल्या खिशाला तो सोसत नाही. “पाच वेळा काळा आला, आता लाल येणारच,” असे म्हणून लोक पैसे वाढवतात. पण चक्राला मागचे काही आठवत नसते. ते दर वेळी नव्यानेच फिरते.

जिंकलात तरी पूर्ण रक्कम हाती येत नाही. जुगारातल्या जिंकलेल्या पैशावर ३० टक्के आयकर आणि वर उपकर आहे, आणि आदल्या दिवशीची हार त्यातून वजा करता येत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. तोही शेवटी खेळणाऱ्याच्याच पैशातून जातो.

“अमक्याने एका रात्रीत पन्नास हजार आणले,” असे कुणी सांगेल. खरेही असेल. पण जिंकलेला माणूस चाळभर सांगत फिरतो आणि हरलेला बायकोलाही सांगत नाही. म्हणून आपल्या कानांवर जिंकल्याच्याच गोष्टी येतात.

ज्या सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले, त्याच सुत्तात जुगाराचे सहा तोटेही सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढते. हरला तर गेलेल्या धनाचा शोक. डोळ्यांदेखत संपत्ती सरते. सभेत शब्दाला किंमत राहत नाही. मित्र-सोबती मान देत नाहीत. आणि मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही, कारण हा बायको पोसणार नाही असे लोक म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आपल्या गल्लीतल्या एखाद्या घराकडे पाहून केल्यासारखी वाटते. यात कुठेही पापाची भीती घातलेली नाही. संसारात काय काय घडते, तेवढेच सांगितले आहे.

सहल आणि जुगार यांतला फरक साधा आहे. सहलीची किंमत आधी ठरते. जुगाराची किंमत उठल्यावर कळते. ज्या खर्चाच्या खाली बेरजेची रेघ ओढता येत नाही, तो कामगाराच्या वहीत मांडू नये.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी ठरवा. वही नवराबायकोने मिळून करावी आणि पैशाची थैली बाईकडे असावी. बँकेचे एकच कार्ड बरोबर घ्यावे आणि सहलीपुरतेच पैसे त्या खात्यात ठेवावेत. मित्रांची कुटुंबे बरोबर असतील तर कॅसिनोचा विषय मुंबईतच निकालात काढावा. तिथे रात्री आठ वाजता, मित्रांसमोर, ‘नाही’ म्हणणे जड जाते. आणि हे लक्षात असू द्या की एकवीस वर्षांखालील कुणालाही खेळाच्या दालनात सोडत नाहीत. म्हणजे बाप जहाजावर आणि मुले आईबरोबर लॉजच्या खोलीत. मग ती कुटुंबाची सहल कसली?

नदीची मौज हवीच असेल तर सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी मांडवीत फिरवून आणणाऱ्या बोटी सुटतात. गाणे असते, गोव्याची लोकनृत्ये असतात, मुलांना वर चढून नाचता येते. नदी तीच, वारा तोच, दिवेही तेच दिसतात. तिकिटाचा दर खिडकीवर लिहिलेला असतो आणि बोट तासाभरात धक्क्याला परत लागते.

घरी परतल्यावर वहीतला शिल्लक आकडा चौथ्या भागात, म्हणजे ठेवीत टाका. शे-दोनशे का असेनात. जूनमध्ये मुलांच्या वह्यापुस्तकांना उपयोगी पडतील.

जयभीम!