घोड्याचं भाडं वेगळं कशाला?
ठाणे-डोंबिवलीहून निघणाऱ्या काश्मीर सहलींच्या पत्रकांत विमान, हॉटेल, नाश्ता सगळं धरलेलं असतं. घोड्याचा खर्च मात्र बहुधा ज्याचा त्याने करायचा. हे बदलायला हवं. पहलगामहून बैसरनला मोटार जात नाही, सोनमर्गहून थाजीवास हिमनदीकडेही कितीतरी जण घोड्यावरूनच जातात. म्हणजे घोडा ही चैन नव्हे, सहलीचाच भाग. तो वगळला की घासाघीस येते घोडेवाल्याच्या वाट्याला. लगाम धरून चिखल-बर्फातून तो पायी चालतो, उतारावर स्वाराला मागे रेलायला सांगतो. हंगाम सरला तरी चारा त्याला चुकत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनला २६ जण मारले गेले. त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, आणि पर्यटकांसाठी हल्लेखोरांना भिडलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही. अशा माणसाशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालणं मला पटत नाही. सगळेच घोड्यावर बसत नाहीत, मग भार सर्वांवर का, हा आक्षेप रास्तच. पण बुकिंगच्या वेळी विचारून, बसणाऱ्यांकडूनच पैसे घेता येतात. आकडा ठरवणंही अवघड नाही, सरकारी दरपत्रक असतंच.