पाच वर्षांखालील फुकट, म्हणजे मोजलंच नाही

लग्नाचा पहिला-दुसरा वाढदिवस आणि घरात तान्हं बाळ, हे गणित आपल्याकडे बऱ्याच घरांत एकदमच येतं. अशा वेळी नवरा-बायको म्हणाले, "दोन दिवस कुठंतरी जाऊन येतो," की घरात, सोसायटीत आणि फेसबुकवर सगळ्यांचं एकच वाक्य तयार असतं.

"एवढ्याशा लेकराला घेऊन कुठं निघालात?"

वाक्य काळजीचं आहे, मान्य. पण ते चुकीच्या माणसाला विचारलं जातंय, एवढंच मला आज सांगायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट. हा प्रश्न आपण प्रत्येक प्रवासाला विचारतो का? नाही. बाळंतपण माहेरी होतं आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन पोरगी सांगलीहून, चिपळूणहून, अमळनेरहून मुंबईला सासरी येते. तो प्रवास बाळाचाच असतो. जावळ काढायला जेजुरीला, कुलदेवीला, गणपतीला गावी, मावशीच्या पोराच्या लग्नाला, सगळीकडं तान्ही बाळं जातात. उन्हात जातात, उभ्या गर्दीत जातात. तेव्हा आपण कौतुकानं म्हणतो, "बाळाला देवाच्या पायावर घातलं, बरं झालं." त्याच बाळाला घेऊन आईबाप माथेरानला निघाले, की लगेच ती हौस होते. म्हणजे आपला आक्षेप बाळाच्या प्रवासाला नाही. बाळंतीण बाई स्वतःच्या आनंदासाठी घराबाहेर पडते, त्याला आहे. हे एकदा कबूल केलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

"आमच्या वेळी आम्ही दोन दोन वर्षं उंबरठा ओलांडला नाही." खरंय. पण तुमच्या वेळी घरात सासू होती, नणंद होती, शेजारची काकू होती. बाळ कुणाच्या तरी मांडीवर असायचं. आज बोरिवलीत, मुलुंडात, घाटकोपरला वन रूम किचनमध्ये किंवा वन बीएचकेमध्ये राहणारी जोडपी बघा. दोघांचे आईवडील गावाकडं. नवरा सकाळी सातला अंधेरीची लोकल धरतो, रात्री नऊला घरात. बाई दिवसभर बाळासोबत चार भिंतींत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवडे पगारी रजा मिळाली, चांगलं झालं. पण ते २६ आठवडे तिनं खिडकीतून समोरच्या टॉवरचं बांधकाम बघत काढावेत, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? लग्नाच्या वाढदिवसाला दोन दिवस झाडं बघावीशी वाटली, तर ती चैन नाही. ते औषध आहे म्हणा हवं तर.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडं या.

माझी भाची आणि भाचजावई बोरिवलीला राहतात. बाळ पाच महिन्यांचं. वाढदिवसाला माथेरानला गेले. नकाशावर जवळ दिसतं. पण जायचं कसं? बोरिवलीहून दादर. दादरला पूल चढून मध्य रेल्वेकडं. तिथून कर्जत लोकल धरून नेरळ. नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी नाका. पुढं गाड्यांना बंदी, म्हणून अमन लॉजहून शटल ट्रेन. पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला बाळ, बाळाची पिशवी, दुपटी, थर्मास आणि स्वतःचं सामान.

त्यात वार रविवार, कारण सुट्टी त्याच दिवशी. आणि रविवारी काय असतं, हे उपनगरातल्या माणसाला सांगायला नको. मेगाब्लॉक! मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड, पश्चिमेवर बोरिवली ते गोरेगाव, ही नावं आपल्याला पाढ्यांसारखी पाठ झाली आहेत. रुळांची दुरुस्ती झालीच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुटुंबं बाहेर पडतात त्याच दिवशी गाड्या कमी होतात आणि त्याच दिवशी डब्यात सगळ्यात जास्त लहान पोरं असतात, एवढं तरी कुणाच्या ध्यानात आहे का?

बाळाचं पोट वेळापत्रक पाळत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको, असं सरकारच सांगतं. दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह होतो, पोस्टर लागतात. बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. बोरिवलीहून कुठंही बाहेरगावी जायला तीन-चार तास लागतात. म्हणजे वाटेत एकदा तरी पाजावंच लागणार. कुठं? सरकार एका हातानं सांगतं अंगावरचंच पाजा, आणि दुसऱ्या हातानं त्यासाठी बसायला जागा देत नाही. भाचीनं टॅक्सीत ओढणी धरून पाजलं. हॉटेलात पोचल्यावर काउंटरवरच्या माणसानं ऐकवलं, "हे कपल पॅकेज आहे, बाळाचं आधी बोलला नव्हतात." बाळाचा जादा आकार लावला. त्या बदल्यात दिलं काय? काहीच नाही. गरम पाण्यासाठीही तीनदा फोन करावा लागला.

आता मूळ मुद्दा.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. एसटीतही पाच वर्षांखालचं मूल फुकट. आपल्याला ही सवलत वाटते, आणि खिशापुरती ती आहेच. पण तिची दुसरी बाजू बघा. ज्याचं तिकीट नाही, तो हिशोबात नाही. गाडीत माणसं किती हे तिकिटांवरून मोजलं जातं, आणि सोयी त्या आकड्यावरून ठरतात. बाळ आकड्यात नाही, म्हणून सोयीतही नाही. रेल्वेनं २०१६ मध्ये ऑनलाइन तिकिटासोबत काही पैशांत ऐच्छिक अपघात विमा आणला, तेव्हाही पाच वर्षांखालची मुलं त्यातून वगळली होती. म्हणजे अपघातातसुद्धा ती मोजायची नाहीत.

उलट विमानात बघा. दोन वर्षांखालचं बाळ आईच्या मांडीवरच बसतं, पण त्याचं नाव तिकिटात असतं. आज विमानात किती तान्ही बाळं आहेत हे कर्मचाऱ्यांना माहीत असतं, आणि मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा आणून देतात. मोजलं, म्हणून पट्टा मिळाला. इतकं साधं आहे.

आपल्या एसटीनं हे करून दाखवलंय. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास फुकट आहे. पण कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. त्यामुळं किती आजी-आजोबांनी प्रवास केला याचा हिशोब राहतो आणि सरकारकडून महामंडळाला पैसे मिळतात. मग हेच शून्य रुपयांचं तिकीट बाळाला का नाही? एक पैसा खर्च नाही. मशीनमध्ये एक बटण वाढेल. सहा महिन्यांत कळेल कुठल्या मार्गावर, कुठल्या दिवशी, किती तान्ही बाळं जातात. मग हिरकणी कक्ष कुठं हवा, हे साहेबांच्या अंदाजावर ठरणार नाही.

हिरकणीवरून आठवलं. आख्यायिका आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीची संध्याकाळ, रायगडाचे दरवाजे बंद, गवळण हिरकणीचं तान्हं बाळ खाली घरी, आणि ती जीव धोक्यात घालून कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथं बुरूज बांधला. आपण ही गोष्ट आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. पण नीट बघा. पहारेकऱ्यानं नियम पाळला, दरवाजा उघडला नाही, आणि सगळा धोका बाईनं पत्करला. किल्ल्याच्या सुरक्षेसाठी ते बरोबर असेलही. पण बसस्टँड म्हणजे किल्ला नाही. आपण आजही तेच करतोय. बाईनं कडा उतरायचा, आपण टाळ्या वाजवायच्या.

एसटीनं स्तनपानाच्या खोलीला तिचं नाव दिलं, निमआराम गाडीलाही तिचंच नाव दिलं. नावात काही कमी नाही. पण "हिरकणी कक्षाला कुलूप", "हिरकणी कक्षात अडगळ" या बातम्या गावोगावच्या पेपरात छापून येतच असतात. खोली बांधली, फीत कापली, फोटो आला, किल्ली कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये गेली.

हे फक्त गरिबाघरच्या बाईचं होतं असं समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या. देशभर फोटो गेले, कौतुक झालं, लगोलग तिथं हिरकणी कक्ष उभा राहिला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ ला, मुंबईच्या अधिवेशनात त्यांनीच कॅमेऱ्यासमोर रडत तक्रार केली की कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवण्यासारख्या सोयी नाहीत. जिथं कायदे होतात त्या इमारतीत आमदार बाईची ही अवस्था, तर तालुक्याच्या स्टँडवर शेतमजूर बाईचं काय, हे वेगळं लिहायला नको.

आणि हे आता कुणाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बाळाच्या देखभालीसाठी जागा ठेवा, असं केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. त्याची अंमलबजावणी करा, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांचं खंडपीठ होतं. आपल्याकडं कागद कमी नाहीत. कमी आहे ती किल्ली.

रेल्वेनंही प्रयोग केले नाहीत असं नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ मध्ये स्टेशनांवर बाळासाठी गरम दूध, गरम पाणी, बाळाचं खाणं देणारी 'जननी सेवा' जाहीर झाली. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या दोन बर्थना बाळासाठी जोड बर्थ लावून पाहिले. पेपरात फोटो आले. तुमच्या गाडीत ते कधी दिसले का, तुम्हीच सांगा.

एक मुद्दा बापांसाठी. ही सगळी चर्चा आपण आईभोवती करतो. दूध आईच पाजणार, पण लंगोट बदलायला काय हरकत आहे? हरकत नाही, पण जागाही नाही. बाळाचे कपडे बदलायची फळी कुठं असलीच तर बायकांच्या स्वच्छतागृहात. अमेरिकेत २०१६ मध्ये कायदा झाला, की केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही अशी फळी हवी. आपल्याकडं एक लाकडी फळी आणि दोन बिजागऱ्या लागतील. ती लागली तर वाढदिवसाच्या सहलीला आईला निदान अर्धा तास मोकळा मिळेल.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळणं बरोबर नाही. काही प्रवास बाळासाठी खरंच धोक्याचे आहेत आणि तिथं आईबापांनीच शहाणपण दाखवायला हवं. स्कूटरवर बापाच्या आणि आईच्या मध्ये चेपलेलं बाळ आपण रोज बघतो. २०२३ पासून नियम आहे: दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या वर नको. कारमध्ये पुढच्या सीटवर मांडीत बाळ घेऊन बसणं तर सरळ जीवावरचं आहे. लहान मुलाला पट्टा किंवा वेगळी सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे. ऑफिसच्या वेळेला विरारच्या लोकलमध्ये बाळ घेऊन चढू नये, हेही खरं. पण "हा रस्ता नको, तो धर" असं सांगणं वेगळं आणि "घरीच बस" असं सांगणं वेगळं.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत:

१) एसटी आणि रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला शून्य रुपयांचं तिकीट.
२) हिरकणी कक्षाच्या दारावर किल्ली कुणाकडं आहे त्याचं नाव आणि फोन नंबर. स्टँड उघडा तेवढा वेळ कक्ष उघडा.
३) पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळाचे कपडे बदलायची फळी.
४) मेगाब्लॉकच्या दिवशी मोठ्या स्टेशनांवरची लिफ्ट आणि सरकता जिना चालू आहे ना, याची आदल्या दिवशी तपासणी. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्टनं सरळ वर जाता येतं, मग शेजारच्या लोकलच्या पुलावर बाळ कडेवर घेऊन पायऱ्या का चढायच्या?
५) हॉटेलवाल्यांनी बाळाचे पैसे घ्यायचे असतील तर बुकिंगलाच सांगावेत, आणि घेतले तर पाळणा आणि गरम पाणी द्यावं.

यातल्या कशालाही कोट्यवधींचं टेंडर लागत नाही. म्हणूनच ते होत नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

पुढच्या वेळी एखादं जोडपं बाळ घेऊन डब्यात चढलं, तर "कुठं निघालात" विचारण्याआधी थोडं सरका. आणि एक काम करा. तुमच्या गावच्या स्टँडवर, जवळच्या स्टेशनावर जाऊन बघा, हिरकणी कक्ष आहे का, उघडा आहे का, आत बसायला खुर्ची आहे का. कॉमेंटमध्ये गावाचं नाव आणि तारीख लिहा. उघडा आणि स्वच्छ असेल तर तेही आवर्जून लिहा, त्या कर्मचाऱ्याचं कौतुक झालं पाहिजे. यादी तयार झाली की ती परिवहन मंत्र्यांच्या कार्यालयाला आणि दोन्ही रेल्वेंना पाठवायचं काम माझं.