दोरी कुठे ओढली गेली?

वार्षिक अंकासाठी लेख द्या, अशी सूचना फलकावर लागली की आपल्यापैकी बहुतेकांना हुंडा, भ्रष्टाचार, पर्यावरण आणि आजचा युवक हे चार विषय आठवतात. विषय मोठे आहेत आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी मात्र घरच्या वायफायला न जुळणाऱ्या एका जुन्या लॅपटॉपवर लिहिणार आहे. विषय ऐकून कोणी हसेल. पण त्या लॅपटॉपने चार दिवसांत मला जे शिकवले, त्यावरून आपल्या शिक्षणाबद्दल माझे एक मत झाले आहे. ते मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी एकलहऱ्याची. आमचे गाव औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखले जाते. १९७०-७१ मध्ये तेथे पहिले दोन संच सुरू झाले. ते आता बंद झाले आहेत. पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. वाघिणींतून कोळसा येतो, तो पट्ट्यावरून वर जातो, गिरणीत त्याची भुकटी होते, ती बॉयलरमध्ये जळते, वाफेवर टर्बाईन फिरते आणि जनित्रातून वीज निघते. माझे वडील या साखळीच्या पहिल्या टोकाला, कोळशाच्या पट्ट्यावर, ठेकेदाराकडे काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

गेल्या दिवाळीनंतर घरात लॅपटॉप आला. नवा घेणे शक्य नव्हते. कुठल्यातरी कचेरीने काढून टाकलेला, पण चांगल्या स्थितीतला, चौदा हजार रुपयांत मिळाला. आईने भिशीचे पैसे त्यात घातले. घरी शेजारच्या काकूंबरोबर निम्म्या-निम्म्या खर्चात घेतलेले फायबरचे कनेक्शन होतेच. मी लॅपटॉप उघडला, वायफायचे नाव निवडले, पासवर्ड टाकला. लॅपटॉपने तो स्वीकारला आणि खाली इंग्रजीत अक्षरे उमटली : ‘नो इंटरनेट’. एकही पान उघडेना. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला सहा दिवस उरले होते. घरात बसून शांतपणे अर्ज भरता यावा, हीच तर तो घेण्यामागची पहिली सबब होती.

मग जे सगळे करतात ते मीही केले. लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटरचे बटण दाबून पुन्हा सुरू केले. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. एका मैत्रिणीने सांगितले, “फॉर्मॅट मार.” दुसरी म्हणाली, “व्हायरस असेल.” शेवटी नाशिकरोडच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने दोन मिनिटे पाहून सांगितले, “नेटवर्क कार्ड गेलंय. अठराशे रुपये होतील.” अठराशे म्हणजे वडिलांची जवळजवळ चार दिवसांची हजेरी. मी लॅपटॉप परत घेऊन आले. आई काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागले. आपण फसवले गेलो, असे प्रत्येकाच्या मनात आले होते.

रात्री वडील पाळी संपवून आले. मी सगळे सांगितले. त्यांना लॅपटॉपमधले काही कळत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “कार्ड गेलं म्हणतो, पण त्यानं बघितलं काय काय?” मला उत्तर देता येईना. तेव्हा ते म्हणाले, “अगं, बेल्ट थांबला म्हंजे बेल्ट खराब झाला असं थोडंच हाय! दोरी कुठं ओढली गेली, ते आधी चालत जाऊन बघावं लागतं.”

ही दोरी काय ते सांगते. कोळशाच्या लांब पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असते. तिला इंग्रजीत पुलकॉर्ड म्हणतात. कोणी पट्ट्यात अडकले किंवा काही संकट दिसले, की जवळच्या माणसाने ती ओढायची. पट्टा तत्काळ थांबतो. ठरावीक अंतरावर स्विच असतात. ज्या स्विचची दोरी ओढली गेली तो हाताने पूर्ववत केल्याशिवाय पट्टा सुरू होत नाही. वडील आणि त्यांचे सोबती बॅटरी घेऊन एका टोकापासून चालू लागतात. हा ठीक, पुढचा ठीक, त्याच्या पुढचा ठीक. आणि मग तो एक सापडतो. वडिलांच्या हिशेबी न बघता सांगितलेले कारण म्हणजे अंदाज, आणि अंदाजावर पट्टा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपच्या पट्ट्याच्या कडेने चालायला लागले. साखळी माझ्या परीने कागदावर लिहिली : लॅपटॉप, वायफायच्या लहरी, राउटर, फायबरची तार, कंपनी, आणि त्यापलीकडचे जग. यातली दोरी कुठे ओढली गेली?

पहिली तपासणी. त्याच वायफायवर आईचा मोबाईल चालत होता. काकूंचाही चालत होता. म्हणजे राउटरपासून पुढची सगळी वाट ठीक. दुसरी तपासणी. मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर जोडला. तिथेही तेच, ‘नो इंटरनेट’. वाट बदलली तरी दोष तोच राहिला. म्हणजे दोष लॅपटॉपमध्येच. तिसरी गोष्ट तपासायचीही गरज नव्हती, फक्त ध्यानात यायला हवी होती. लॅपटॉपला आजूबाजूच्या वायफायची नावे दिसत होती आणि तो पासवर्डही स्वीकारत होता. कार्ड मेलेले असते तर त्याला ही नावे दिसली असती का? दुकानदाराचे निदान तिथेच डळमळीत झाले.

येथे मला आपल्या तर्कशास्त्राच्या तासाची आठवण झाली. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या, त्यांतल्या अन्वय आणि व्यतिरेक आपण परीक्षेसाठी पाठ करतो. दोन प्रसंगांत बाकी सगळे सारखे असून परिणाम वेगळा आला, तर जे वेगळे आहे तिथे कारण शोधावे, हा व्यतिरेक. मोबाईल आणि लॅपटॉप, वायफाय एकच, परिणाम वेगळा. दोन प्रसंगांत बाकी सगळे वेगळे असून परिणाम तोच आला, तर जे समान आहे तिथे कारण शोधावे, हा अन्वय. वायफाय दोन, लॅपटॉप एकच, परिणाम तोच. ज्या उत्तराला मला दहापैकी सात गुण मिळाले होते, ते खरोखर कशासाठी असते हे मला त्या दिवशी कळले. आणि माझे वडील मिलचे नावही न ऐकता रोज पाळीत तेच करतात, हेही कळले.

आता उरला प्रश्न लॅपटॉपमध्ये काय, हा. मी मोबाईल आणि लॅपटॉप शेजारी ठेवले आणि दोघांतही वायफायची सविस्तर माहिती उघडली. एकेक ओळ ताडून पाहिली. मोबाईलच्या पत्त्याचा आकडा १९२.१६८.१ असा सुरू होत होता. लॅपटॉपचा सुरू होत होता १०.२० असा. आणि त्याच्यापुढे लिहिले होते ‘मॅन्युअल’, म्हणजे हाताने भरलेला.

हे पत्त्याचे प्रकरण थोडक्यात असे. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगभर मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले, तेव्हा काही आकडे घरातल्या आणि कचेरीतल्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने आणि १० ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. त्यामुळे हजारो घरांत एकच आकडा असला तरी गोंधळ होत नाही. जशी प्रत्येक चाळीत एक नंबरची खोली असते. घरात आलेल्या यंत्राला राउटर स्वतःच मोकळी खोली देतो. आमच्या लॅपटॉपने मात्र राउटरकडे खोली मागितलीच नव्हती. जुन्या कचेरीत कोणीतरी त्याला हाताने पत्ता नेमून दिला होता आणि तो अजून तोच सांगत होता. नव्या घरात येऊनही जुन्या घराचा पत्ता सांगणाऱ्या पाहुण्याचे पत्र कोण पोचवणार?

मी जुने आकडे आधी वहीत उतरवून घेतले. हेही वडिलांचेच सांगणे : जे बदलशील ते आधी लिहून ठेव, म्हणजे चुकलीस तर परत येता येईल. मग ‘मॅन्युअल’च्या जागी ‘ऑटोमॅटिक’ निवडले. तसेच नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, म्हणजे डीएनएसचा, हाताने भरलेला आकडाही काढला. अर्ध्या मिनिटात पान उघडले. अठराशे रुपये वाचले. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला.

गोष्ट इथे संपते, पण माझे म्हणणे इथून सुरू होते.

आपल्या कला शाखेत एक समजूत खोल बसली आहे : यंत्र हे विज्ञानवाल्यांचे, आपले नव्हे. यंत्र अडले की आपण तीनच गोष्टी करतो. बंद करून चालू करतो, फॉर्मॅट मारतो, किंवा दुकानात नेतो. बंद करून चालू केल्याने कधीकधी काम होते हे खरे. पण का झाले हे कळत नाही. नारळ फोडल्यावर पाऊस आला, तशातला तो प्रकार. फॉर्मॅट तर त्याहून वाईट. उंदीर मारायला घर पाडण्यासारखे. आणि दुकानदाराचे ‘कार्ड गेले’ आपण वेदवाक्य मानतो, कारण आपल्याला त्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

याचे मूळ यंत्रात नाही, आपल्या अभ्यासात आहे. आपण उत्तरे शिकतो. उत्तरापर्यंत चालत जाणे शिकत नाही. गाईड, संभाव्य प्रश्न, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढ्यावर आपली पदवी तरून जाते. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र माझ्याही फाईलमध्ये आहे. पुढे नोकरीला लागेल म्हणून मी तो अभ्यासक्रम केला, परीक्षेपुरती बटणे पाठ केली आणि विसरले. दोष अभ्यासक्रमाचा म्हणत नाही, माझ्या शिकण्याचा म्हणते.

कोणी म्हणेल, प्रत्येकाने सगळे दुरुस्त करायला शिकायचे म्हटले तर दुकानदाराने काय करावे? आणि ज्याचे काम त्याने करावे, यात वाईट काय? हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. कार्ड खरोखर गेले असते तर मी दुकानातच गेले असते, आणि अठराशे रुपये देताना वाईट वाटले नसते. केंद्रातसुद्धा परवाना घेतल्याशिवाय यंत्राला कोणी हात लावत नाही, असे वडील सांगतात. न कळता स्क्रू उघडत बसा, असे माझे म्हणणे नाही. पण पाहणे, ताडणे, लिहून ठेवणे आणि प्रश्न विचारणे यांना कोणाचा परवाना लागतो? तेवढे तरी आपल्याला यायला हवे. नाहीतर जो दवाखान्यात, बँकेत, तहसील कचेरीत काहीही सांगेल, त्यालाही आपण असेच मान डोलावून परत येऊ. आज लॅपटॉप आहे, उद्या सात-बारा असेल.

आणखी एक गोष्ट मला बोचली. मी कॉलेजात जाते म्हणून घरात माझा मान आहे. इंग्रजी अक्षर दिसले की सगळे माझ्याकडे पाहतात. हळूहळू मलाही वाटू लागले होते की शहाणपण कॉलेजात असते आणि घरात फक्त कष्ट असतात. पुलकॉर्डने ते मत बदलले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी मोटार दुरुस्त करणारे आहे, कोणी विहिरीवरचा पंप ओळखणारे आहे, कोणी शिवणयंत्राचा टाका का सुटतो हे आवाजावरून सांगणारी आई आहे. बिघाड शोधण्याची ही विद्या पुस्तकात नाही म्हणून ती विद्या नाही, असे आपण समजतो. मग शिकता शिकता आपण घरातले एक शिक्षण गमावून बसतो.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. वीज केंद्रात प्रत्येक पाळीची नोंदवही असते. काय बंद पडले, काय पाहिले, काय सापडले हे पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवतात. आपल्या ग्रंथालयात अशी एक बिघाड-वही ठेवावी. कोणाचा लॅपटॉप जुळत नाही, कोणाचा अर्ज अपलोड होत नाही, कोणाच्या मोबाईलवर मराठी टंकलेखन होत नाही. ज्याला कारण सापडेल त्याने ते साध्या मराठीत लिहावे. आधी लक्षण, मग काय काय तपासले, मग कारण. खर्च एका शंभर पानी वहीचा. गुरुजनांनी मनावर घेतले तर तर्कशास्त्राच्या तासाला त्यातलाच एखादा बिघाड फळ्यावर मांडता येईल.

पहिली नोंद मी करीन. लॅपटॉपचा जुना पत्ता अजून माझ्या वहीत आहेच.