खिशातला ध्वनिमुद्रक

"चांगला मायक्रोफोन नाही, संगणक नाही, मग गाण्याचे ध्वनिमुद्रण कसे करायचे?" ही तक्रार भोर-वेल्ह्याच्या शाळेत काय नि पुण्याच्या शाळेत काय, सारखीच ऐकू येते. मला ती पटत नाही. घरातल्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रक असतोच. तो पुरता वापरता येईपर्यंत नव्या यंत्राचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. आणि तुमच्या भागात तर हे शिकण्याची घाई आहे.

घाई अशासाठी, की गावोगाव पिठाची गिरणी आली, घरातले जाते थांबले आणि त्याच्याबरोबर जात्यावरची ओवीही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काहींचे शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. काम प्रचंडच. तरीही पुष्कळशा ओव्या केवळ शब्दरूपाने उरल्या. चाल कागदावर उतरत नाही; ती गाणाऱ्या आजीच्या गळ्यात असते. तुमच्या वाडीतल्या आजी आज ऐंशीच्या घरात असतील.

मग मोबाइल घेऊन सरळ बसायचे का? थोडे थांबा. आधी त्याचे कान कोठे आहेत ते शोधा. बहुतेक मोबाइलच्या खालच्या कडेला बारीक भोक असते. धरताना बोट नेमके त्यावरच येते! दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाजाची तीव्रता चौपट होते. आजीचा आवाज दोन फुटांवरून घेतला आणि आठ फुटांवरून घेतला, तर फरक सोळापट पडतो; मागे बोलणारी माणसे, कोंबड्या, रस्त्यावरची एस.टी. मात्र होती तेवढीच राहतात. महागडा मायक्रोफोन आठ फुटांवर ठेवण्यापेक्षा साधा मोबाइल दोन फुटांवर ठेवलेला बरा. विजेचा मायक्रोफोन येण्यापूर्वी, म्हणजे १९२५ पर्यंत, गवई कर्ण्यासमोर बसून गात. तेव्हाचे तंत्रज्ञही तोल साधत तो माणसांना पुढेमागे बसवूनच.

जाते फिरत असेल तर त्याची घरघर जमिनीतूनही येते. मोबाइल फरशीवर न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. खोली निवडताना रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोली टाळा. तिथे आवाज आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. भाताची पोती, अंथरुणे, कपडे असलेली खोली उत्तम, कारण हे पदार्थ ध्वनी शोषतात. वेल्ह्याच्या पावसात पत्र्याखाली तर मुद्रणाचे नावच नको, दिवाळीनंतर जा.

आता यंत्राच्या आतले. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद घेतली, की सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे, म्हणजे माणसाला ऐकू येणारे जवळपास सगळे स्वर पकडता येतात. नोंदी ८,००० वरच असतील तर ४,००० कंपनांपलीकडचे सारे गळते आणि 'स', 'श' बोथट होतात. ध्वनिमुद्रकाच्या सेटिंगमध्ये 'उच्च दर्जा' निवडायला पैसे पडत नाहीत. बोलण्यासाठी केलेली 'गोंगाट कमी करा' ही सोय असेल, तर ती बंद ठेवा. सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी तिची समजूत असते. जात्याची घरघर ती खाऊन टाकते आणि लांबवलेला सूरही कधी कधी कुरतडते.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञानाच्या एका तासाला एकच ओवी दोन फुटांवरून, आठ फुटांवरून, रिकाम्या वर्गात आणि मैदानावर मुद्रित करवून मुलांना ऐकवा. ध्वनीच्या धड्यातले परावर्तन आणि शोषण त्या अर्ध्या तासात कानाला कळेल. नवा मायक्रोफोन वाईट असतो असे नाही. पण तो कशासाठी हवा, हे या प्रयोगानंतरच मुलांना सांगता येईल.

मुद्रण झाल्यावर गाव, गाणारीचे नाव आणि तारीख लगेच बोलून त्यातच नोंदवा. मूळ फाइल तशीच ठेवा, काटछाट प्रतीवर करा. आणि ती सर्वांत आधी आजींना ऐकवा. दुसऱ्या कुणाला ऐकवायची की नाही, हे त्यांनाच विचारा.