गव्हाणीपर्यंत न पोचणारी परीक्षा

जनुक बदललेल्या (जीएम) पिकांवर आपल्याकडे वाद पेटला तो वांग्यावरून आणि मोहरीवरून, म्हणजे माणसाच्या ताटात काय पडते यावरून. गव्हाणीत काय पडते, याची चौकशी त्या मानाने फार थोडी झाली. चारा जनावर खाते, माणूस नव्हे, तेव्हा त्याची तपासणी जरा हलकी असली तरी चालेल, ही समजूत त्यामागे आहे आणि ती मुळातच चुकीची आहे. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज देशातली बहुतेक कपाशी त्याच वाणांची आहे आणि तिची सरकी पेंड महाराष्ट्रातल्या दुभत्या जनावरांपुढे रोज ठेवली जाते. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागले, तेव्हा केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. ती उतरवण्यासाठी नेमलेल्या जागांत आपले न्हावाशेवा बंदर होते. पेंडीत रुजणारे बी नाही, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही, असे पर्यावरण मंत्रालयाने कळवले. बी रुजणार नाही हे खरेच आहे. पण पेंड रुजण्यासाठी आणलेलीच नसते, ती खाण्यासाठी आणलेली असते.

‘फक्त जनावरांसाठी’ ही सीमारेषा कागदावरच टिकते, हे अमेरिकेने किंमत मोजून शिकले. स्टारलिंक नावाच्या बीटी मक्याला तिथे 1998 मध्ये केवळ पशुखाद्यासाठी परवानगी मिळाली होती. त्यातले क्राय-9-सी हे प्रथिन उष्णतेला दाद देत नव्हते आणि लवकर पचतही नव्हते. माणसाला त्याची ॲलर्जी होईल की काय, ही शंका फिटली नव्हती. दोनच वर्षांत, सप्टेंबर 2000 मध्ये, तो मका दुकानातल्या टाको शेल्समध्ये सापडला आणि माल परत मागवावा लागला. यात नवल काहीच नाही. शेजारच्या शेतातला परागकण, एकच मळणीयंत्र, एकच गोदाम. दाण्याला आपण कोणासाठी आहोत हे ठाऊक नसते. त्यानंतर अमेरिकेने अशी अर्धी परवानगी देणे सोडून दिले, आणि युरोपीय संघाने 2003 च्या नियमात अन्न आणि पशुखाद्य यांची परीक्षा एकत्र बांधली. तो मार्ग योग्य आहे.

आता दुसऱ्या टोकाचे म्हणणे. जीएम वैरण खाल्लेल्या गाईचे दूध विषारी होते, असा प्रचार होतो. त्याला आधार नाही. जनुक आणि प्रथिन ही काही जपून ठेवलेली पुडी नव्हे; कोठीपोटातले जंतू आणि पुढचे पाचकरस त्यांचे तुकडे करतात. करनालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत बीटी सरकी खाऊ घातलेल्या संकरित गाईंच्या दुधात बीटी प्रथिन आढळले नाही. मात्र एवढ्यावरून चाऱ्यातले काहीच दुधात उतरत नाही, असा निष्कर्ष काढणे तितकेच घातक. 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 हे विष मर्यादेबाहेर होते, आणि ते येते बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, पेंडीतून. प्रथिन मोडते, पण प्रत्येक रेणू मोडत नाही. म्हणून परीक्षा नव्या प्रथिनावर थांबवून चालत नाही.

लसूणघासाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे दूधवाल्यांचा हा लाडका घास. एकदा पेरला की महिन्या-महिन्याला कापत राहायचे. अमेरिकेत त्याचे ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे वाण 2005 मध्ये खुले झाले, 2007 मध्ये न्यायालयाने त्यांची नवी पेरणी थांबवली, आणि 2011 मध्ये ते पुन्हा खुले झाले. तो खटला परागीभवनाचा होता, खाण्याच्या सुरक्षिततेचा नव्हता. दोन्ही गोष्टी एकात कालवू नयेत. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सोयाबीनचा दाणा शेंगेत असतो, फवारलेले पान शेतात गळून जाते. घासाच्या बाबतीत ज्या पानावर फवारा बसला तेच पान कुट्टी होऊन गव्हाणीत येते. अमेरिकेत ग्लायफोसेट अवशेषांची मर्यादा सोयाबीनच्या दाण्यात दशलक्षात 20 भाग आहे, तर लसूणघासासारख्या द्विदल वैरणीत 400 भाग. हा आकडा विषाचा पुरावा नव्हे. पण वैरणीची परीक्षा धान्याच्या साच्यात बसत नाही, याचा तो पुरावा नक्कीच आहे.

2014 मध्ये खुले झालेले दुसरे वाण तर याहून बोलके. घास फुलोऱ्यात येतो तसा दांडा दाठरतो आणि गाय तो उष्टा टाकते, कारण दांड्याला कडक करणारे लिग्निन. या वाणात लिग्निन तयार करणारा एक जनुक दाबून टाकला आहे, नवे प्रथिन काही घातलेले नाही. मग प्रथिनाची ॲलर्जी-चाचणी इथे कशावर लावायची? लिग्निनकडे जाणारा माल अडला तर तो दुसरीकडे कुठे वळला, कूमेस्ट्रॉलसारखी संप्रेरकासम द्रव्ये आणि सॅपोनिन वाढले का, कोवळ्या घासाने पोट फुगते तसे याने अधिक फुगते का, गाय माजावर वेळेवर येते का, हे प्रश्न विचारायचे. ते अखंड झाडालाच विचारता येतात, वेगवेगळ्या कापण्यांत, हिरव्या आणि वाळलेल्या घासात, आणि मुरघासातही.

यावर आक्षेप येतो: 1996 पासून अब्जावधी जनावरांनी जीएम खाद्य खाल्ले, काही बिघडले का? हा पुरावा मी हलका मानत नाही. सरसकट भीती खोटी ठरवायला तो पुरेसा आहे. पण त्या अब्जावधींत सर्वांत मोठा वाटा ब्रॉयलर कोंबड्यांचा, त्यांचे आयुष्य सहा-सात आठवड्यांचे, आणि खाद्य मका-सोयाचे. चार-पाच वेत देणारी आणि रोज टोपलीभर घास खाणारी म्हैस त्या हिशेबात बसत नाही. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे: चाचण्या महाग झाल्या तर राहुरीसारखी कृषी विद्यापीठे मागे पडतील आणि कंपन्याच उरतील. म्हणूनच दीर्घ आहार-चाचण्या करनालची दुग्ध संस्था, झाशीची चारा संशोधन संस्था अशा सरकारी संस्थांत, सरकारी पैशाने व्हाव्यात, आणि त्यांचे आकडे पशुपालकाला वाचता येतील असे खुले असावेत.

भारतात आज एकाही जीएम चारापिकाला लागवडीची परवानगी नाही. कोणाचा अर्ज टेबलावर नसताना नियम लिहिले तर ते जनावराकडे पाहून लिहिले जातील. ते आत्ताच लिहावेत.