लॅपटॉप सर्वांत शेवटी

दहावीचा निकाल लागून गुणपत्रके हाती पडली, की आमच्या संगणकखोलीच्या दाराशी पालकांची ये-जा सुरू होते. विज्ञान की वाणिज्य, हा प्रश्न बहुधा घरीच सुटलेला असतो. आम्हांस विचारावयाचे असते ते निराळेच. "सर, लॅपटॉप कोणता घेऊ?" काही वर्षांपूर्वीपर्यंत याचे उत्तर सोपे होते. शाळेत मुले ज्या प्रणालीवर शिकली, तीच प्रणाली असलेले यंत्र ऐपतीप्रमाणे घ्यावे, एवढे सांगितले की काम भागत असे. आता तसे राहिले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार तिच्या कंपनीने थांबविला. तिच्या जागी आलेली विंडोज ११ मात्र वाटेल त्या यंत्रावर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा लागतो. परिणामी ज्या घरांत धडधाकट चालणारा संगणक आहे, ती घरेही दुसऱ्या प्रणालीकडे पाहू लागली आहेत. पुण्याचे मामा मॅक घ्या म्हणतात, महाविद्यालयातला शेजारचा दादा लिनक्सची थोरवी गातो, आणि दुकानदाराच्या मते त्याने समोर मांडलेले यंत्र तेवढे उत्तम असते.

या बाबतीतले आमचे मत आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. प्रणाली बदलावयाची असेल तर ती आधी बदलावी आणि लॅपटॉप सर्वांत शेवटी घ्यावा. हे ऐकून पुष्कळांस आम्ही थट्टा करीत आहो असे वाटते. यंत्रच नाही तर प्रणाली बदलावयाची कशी? तेच येथे सांगावयाचे आहे.

अलीकडेच लिंबायतचे एक गृहस्थ आपल्या कन्येला घेऊन आमच्याकडे आले. मूळचे शिरपूरकडचे; पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये नोकरी. भिशीचा नंबर लागला होता, पैसे खिशात होते, आणि मामांच्या सल्ल्याप्रमाणे मॅकसाठी बयाणा देण्यास ते दुसऱ्याच दिवशी निघणार होते. आम्ही सहज विचारले, घरी सध्या संगणक आहे काय? आहे म्हणाले, थोरला मुलगा रात्री त्यावर एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करतो. जुना झाला आहे, तेव्हा नव्या यंत्रावर दोघांचेही काम होईल, असा त्यांचा हिशेब होता. सुरतेत ज्यांचे घर आहे त्यांस पंचिंग म्हणजे काय ते सांगावयास नको. कागदावरची नक्षी संगणकात टाक्याटाक्याने मांडावयाची, तिची डीएसटी फाइल करावयाची, आणि ती पेनड्राइव्हवरून कारखान्यातल्या यंत्राला द्यावयाची. हा मुलगा ज्या सॉफ्टवेअरवर हे काम करतो ते केवळ विंडोजवर चालणारे, आणि त्याचे डोंगल लावल्याखेरीज ते उघडतच नाही. म्हणजे नव्या, देखण्या मॅकवर त्याची रात्रीची कमाई पहिल्याच दिवशी बंद पडली असती! वडील क्षणभर गप्प राहिले. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "आणि सर, मला टॅली शिकायची आहे." टॅलीही मूळची विंडोजचीच. बयाणा राहिला.

यात मॅकची निंदा नाही. नोव्हेंबर २०२० पासून ॲपल कंपनीने आपल्या यंत्रांत स्वतःच बनविलेले प्रोसेसर घालण्यास आरंभ केला, तेव्हापासून तिचे लॅपटॉप एका चार्जिंगवर दीर्घकाळ चालतात आणि तापत फारसे नाहीत. आयफोनसाठी ॲप बनविण्याचा ज्याचा निश्चय आहे, त्याला मॅकवाचून गत्यंतर नाही. परंतु त्याच बदलाबरोबर त्या यंत्रावर दुसऱ्या बाजूला विंडोज बसविण्याची जुनी सोयही गेली, हे मामा सांगत नाहीत. लिनक्सची गोष्ट वेगळी. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने जिचा गाभा लिहिण्यास प्रारंभ केला, ती ही प्रणाली जगभरच्या लोकांनी वाढविली. ती फुकट मिळते व जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी धावते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही तोच आहे, तेव्हा ती अगदीच परकी म्हणता येणार नाही. तथापि टॅली आणि पंचिंगच्या आड तीही येते. फुकट मिळाली म्हणून कोणतीही प्रणाली निभावत नाही.

नव्या प्रणालीची भीती घालणाऱ्यांचे मात्र आम्हांस हसू येते. आमच्या शाळेतले मूल घरी आजीशी अहिराणी बोलते, वर्गात प्रमाण मराठी लिहिते, रिंग रोडच्या बाजारात गुजरातीत भाव करते आणि गल्लीत हिंदीत भांडते. दहावीनंतर ते गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते आणि सहा महिन्यांत रुळते. त्याला खिडकी बंद करण्याचे बटण उजवीकडून डावीकडे गेले म्हणून काय जड जाणार आहे? बदलातली खरी हानी शिकण्यात नसते. मागे काय राहून जाते, त्यात ती असते.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. या वार्षिकाच्या काही जुन्या अंकांचा मजकूर आम्ही मोठ्या काळजीने एका डिस्कवर जपून ठेविला होता. मध्यंतरी संगणकखोलीतील एका यंत्रावर दुसरी प्रणाली बसविली आणि कौतुकाने त्या फाइली उघडल्या. पाहतो तो मराठीचे एक अक्षर नाही. पानभर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे! कारण असे की त्या काळचे मराठी फाँट वस्तुतः इंग्रजी अक्षरांना चढविलेले मुखवटे होते. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरच असे; त्या विशिष्ट फाँटमुळे ते आपणांस 'क' किंवा 'म' दिसे. फाँट गेला की मुखवटा गळून पडला. अशा मजकुराचे रूपांतर करणारी साधने आहेत; आम्ही ती वापरली. परंतु जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे अक्षराच्या आधी टंकित केलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या व रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. शेवटी कित्येक पाने मुलामुलींनी पुन्हा टंकित केली. ज्या पानांची छापील प्रत नव्हती, ती गेलीच.

आपल्या समाजाला हे दुःख नवे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी शाळांतून उठली, आणि दोन पिढ्यांत घरोघरच्या दप्तरांतील कागद नातवंडांस निरुपयोगी झाले. शेताची खरेदीखते, आजोबांची पत्रे, सारे डोळ्यांसमोर आहे आणि वाचता मात्र येत नाही. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला. पण तोवर ती सहज वाचणारी माणसे राहिली किती?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, जो दुसऱ्या प्रणालीकडे जाण्याचा विचार करीत असेल त्याने पहिले काम हे करावे, की आपले सारे मराठी लेखन युनिकोडमध्ये आणावे. आणि कळफलक शिकावयाचा तो इन्स्क्रिप्ट शिकावा. हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात नमूद आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींत तो आधीपासून असतो. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. पंधरा दिवस चिडचिड होते, नंतर बोटे आपोआप चालतात. हे एक साधले की कोणत्याही दुकानातले कोणतेही यंत्र तुमचे मराठी अडवून धरू शकत नाही. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे मराठी उमटविणाऱ्या सोयींवर पुष्कळांचे प्रेम आहे. आमचे नाही, परंतु त्या वादात तूर्त शिरत नाही.

दुसरे काम म्हणजे जुन्याच यंत्रावर सवयी बदलणे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, इंकस्केप, जिंप ही सॉफ्टवेअरे फुकट असून तिन्ही प्रणालींवर चालतात. आज विंडोजवर ती वापरू लागा. मग उद्या प्रणाली बदलली तरी रोजचे काम बदलत नाही. तिसरे काम, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घ्यावे व संगणक त्यावरून सुरू करावा. आतल्या डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली समोर उभी राहते. नको वाटल्यास पेनड्राइव्ह काढावा, संगणक पूर्ववत. महिनाभर रोज तासभर असे करून पाहिले, की कोणते काम होते व कोणते अडते याची यादी आपोआप तयार होते. त्या यादीसारखा सल्लागार दुसरा नाही. मामाही नाहीत आणि आम्हीही नाही.

मोठ्या संस्थांचेही असेच घडलेले आहे. जर्मनीतील म्यूनिक शहराने २००३ साली नगरपालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. आणि २०१७ साली तेथील नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. याची कारणे कोणती यावर अद्याप वाद चालतो. उलट केरळात, २००१ साली सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल योजनेतून शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या त्या तेथेच टिकल्या. दहावीची मुले माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर देतात. आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते असे की केरळने नुसती यंत्रे बदलली नाहीत. पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर रचली आणि शिक्षकांस आधी शिकविले.

आता एवढे झाल्यावर दुकानात जावे. आमच्या बहुसंख्य कुटुंबांसाठी आमचे मत असे, की आठव्या पिढीच्या अथवा त्यापुढच्या प्रोसेसरचा, कचेरीत वापरलेला पण सुस्थितीतील लॅपटॉप जामिनकीसह मिळत असेल तर तो चकचकीत नव्यापेक्षा बरा. कारण त्यावर विंडोज ११ व लिनक्स दोन्ही शेजारी शेजारी बसतात व कोणतेच दार बंद होत नाही. रॅम निदान आठ जीबी असावी, पदवीपर्यंत यंत्र पुरावे अशी इच्छा असेल तर सोळा. आणि ती पुढे वाढविता येते काय हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. मॅकच्या सध्याच्या लॅपटॉपमध्ये ती वाढविता येत नाही, व इतरही पुष्कळ सडपातळ यंत्रांत ती पक्की जडवलेली असते. काही लॅपटॉप 'डॉसवाले' म्हणून स्वस्त विकले जातात. ज्याला लिनक्सच बसवावयाचे आहे त्याने ते खुशाल घ्यावेत, परंतु काउंटरवरचा मुलगा "विंडोज टाकून देतो, फुकट" म्हणाला तर नको म्हणावे. ती चोरीची असते, आणि तिच्याबरोबर आणखी काय आत शिरेल ते सांगवत नाही. आपला मिंटचा पेनड्राइव्ह बरोबर न्यावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते काय, एवढे दहा मिनिटांत कळते. आणखी एक बारीकशी गोष्ट: जुन्या फाइली ज्या बाहेरच्या डिस्कवर न्यावयाच्या ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवरचे मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळणे बरे नव्हे.

लिंबायतच्या त्या घरी असे ठरले, की जुना संगणक थोरल्याच्या पंचिंगसाठी तसाच ठेवावा, मात्र त्याचे इंटरनेट तोडावे आणि फाइलींची ने-आण पेनड्राइव्हने करावी. मुलगी त्याच संगणकावर दुपारी पेनड्राइव्हवरून मिंट चालविते. इंकस्केपला जोडता येणारे इंकस्टिच नावाचे एक फुकट साधन आहे. ते तिन्ही प्रणालींवर चालते व डीएसटी फाइल करून देते. दोघा भावंडांनी त्यात एक पान रेखाटून कारखान्यातल्या यंत्रावर कापडाच्या तुकड्यावर काढून पाहिले. पान उमटले, पण टाके विरळ पडले. थोरला म्हणतो, हे गिऱ्हाइकाला दाखविण्यासारखे नाही, अजून बघू. तो तुकडा मुलीने आम्हांस आणून दाखविला. तिच्या वहीत कामांची यादी आहे, आणि त्यांतील टॅली, प्रिंटर व टाक्यांची दाटी या तीन ओळींपुढे अद्याप खूण झालेली नाही. भिशीचे पैसे कपाटात आहेत.